गावरान, एडवर्ड, चैती की बारमासी? घरच्या जुन्या गुलाबाचं नाव नक्की करताना

तक्रार साधारण अशी असते. वाड्यातल्या विहिरीजवळ आजोबांच्या वेळचा गुलाब आहे, घरात सगळे त्याला 'एडवर्ड' म्हणतात. बहिणीनं त्याची काडी नेऊन लातूरला लावली. शिवाय रोपवाटिकेतून आणखी एक 'एडवर्ड' आणला. आता तिन्हींची फुलं तीन तऱ्हेची येताहेत. खरा एडवर्ड कोणता, की एकही नाही?

कधी तक्रार उलटी असते. 'सुपरस्टार' म्हणून एक रोप घेतलं, 'ट्रॉपिकाना' म्हणून दुसरं घेतलं, दोन्हींना पैसे मोजले, आणि फुलं आल्यावर दोघांत तसूभरही फरक दिसेना.

मराठवाड्यात हा घोळ दर थंडीत नव्यानं उभा राहतो, कारण आपल्याकडे गुलाबाची खरी फुलं तेव्हाच येतात. आणि नुकसान नुसतं पाटीवरच्या नावाचं होत नाही. गुलकंदासाठी म्हणून लावलेली झाडं बिनवासाची निघतात. दमास्क गुलाबाची, म्हणजे वर्षातून एकदाच फुलणाऱ्या 'चैती'ची, छाटणी ऐन थंडीत करायची असते, त्याला आपण इतर गुलाबांसारखी ऑक्टोबरात कात्री लावतो आणि फुलांची वाट बघत बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे घरचा मूळ गुलाब मरून जातो, त्याच्या जागी भलतंच झाड वाढतं आणि नाव मात्र जुनंच चालू राहतं.

म्हणून 'याचं नाव काय' हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आधी विचारा, हे झाड तेच आहे का?

खुंट वर आला आहे का ते पाहा

कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली मुळांचं झाड म्हणजे खुंट, वर त्याच्या सालीत डोळा (फुटव्याची कळी) भरून वाढवलेली जात. डोळा जिथं भरला तिथं बुडाशी गाठ असते. गाठीच्या वरून फुटतं ते तुमचं, खालून फुटतं ते खुंटाचं. खुंट जात्याच जोमदार असतो. वरची जात उन्हानं किंवा पाण्याच्या हयगयीनं अशक्त झाली की खुंटाची फूट दोन-तीन हंगामांत तिला झाकून टाकते. मग 'आमचा लाल गुलाब पांढरा झाला' असं लोक सांगतात. गुलाब पांढरा झालेला नसतो. लाल गेलेला असतो आणि खुंट फुललेला असतो.

हे ओळखायला एक सल्ला सर्रास दिला जातो: पाच पानं असतील तर खरा गुलाब, सात असतील तर जंगली, काढून टाका. आधुनिक गुलाबांना तो बराचसा चालून जातो. जुन्या गुलाबांना मात्र तो घातक आहे. दमास्कला पाच असतात तशी सात पर्णिकांची (एकाच देठावरच्या छोट्या पानांची) पानंही असतात, आणि इतर कितीतरी जुन्या जातींचं तसंच आहे. या सल्ल्यापायी चांगली जुनी झाडं मुळासकट उपटली गेली आहेत. पानं मोजू नका, फांदीचा उगम शोधा. बुडाची माती हातानं बाजूला सारा, खुरप्यानं नको, साल दुखावते. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, ते डोळ्यांनी बघा.

गाठच सापडली नाही तर ती आनंदाची गोष्ट आहे. झाड काडीपासून किंवा दाब कलमानं केलेलं आहे, स्वतःच्या मुळांवर उभं आहे, आणि जमिनीतून येणारी प्रत्येक फूट त्याचीच आहे. आपल्या वाड्यांतले, देवळांच्या आवारातले जुने गुलाब पुष्कळदा असेच असतात, कारण बाया एकमेकींना काड्याच देत आल्या. मात्र एक खबरदारी. गाठ खोल गाडली गेली असेल तर वरवर बघून ती दिसत नाही, तेव्हा वीतभर तरी उकरून बघा.

खुंटाची खात्री करायला आणखी एक खूण आहे, आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. पानाचा देठ फांदीला चिकटतो तिथं देठाच्या दोन्ही कडांना अरुंद हिरवी पट्टी असते. ते उपपर्ण. एक पान देठासकट तोडा, उजेडाकडे धरा आणि ही पट्टी निरखून बघा. मल्टिफ्लोरा जातीच्या खुंटावर तिची कड कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली दिसते, लांब बारीक दाते, एकाशेजारी एक. साध्या डोळ्यांना दिसतं, भिंग असेल तर फारच छान. जुन्या बागेतल्या दमास्क, बुर्बाँ आणि चायना या कुळांच्या गुलाबांत (ही कुळं पुढं येतीलच) ही कड अशी चिरलेली नसते, फार तर बारीक ग्रंथींची किनार असते. त्यात भर म्हणून पानाला सात ते नऊ पर्णिका आणि वर्षातून एकदाच लहान पांढऱ्या फुलांचे मोठे घोस असतील, तर मल्टिफ्लोरा नक्की.

पण सगळेच खुंट मल्टिफ्लोरा नसतात, आणि इथंच 'एडवर्ड'चा गुंता सुरू होतो. भारतात बुर्बाँ कुळातला एडवर्ड हा स्वतःच खुंट म्हणून वापरला गेला आहे. म्हणजे एखाद्या जुन्या कलमावरची भारी जात मरून गेली आणि खालचा एडवर्ड फुलू लागला, तर तुमच्या दारातला 'गावरान' म्हणजे कुणाच्या तरी हरवलेल्या गुलाबाचा खुंट असू शकतो. त्यात कमीपणा काही नाही, एडवर्ड सुंदर आणि सुगंधी आहे. फक्त त्याला वरच्या जातीचं नाव देऊ नका.

एकाच नावाखालचे चौघे

'गावरान गुलाब', 'देशी गुलाब', 'गुलकंदाचा गुलाब' या नावांखाली निदान चार वेगळे गुलाब आपल्याकडे फिरतात.

पहिला एडवर्ड. याचं मूळ हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर मानलं जातं. त्या बेटाचं जुनं नाव बुर्बाँ, म्हणून कुळाचं नाव बुर्बाँ. तिथं शेतांच्या कुंपणाला चायना आणि दमास्क असे दोन्ही गुलाब लावत, त्यांच्या संकरातून हे कुळ आलं आणि १८१९ च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पोचलं. फूल गडद गुलाबी, वाटीदार, वास भरपूर, आणि वर्षातून पुन्हा पुन्हा बहर.

दुसरा दमास्क, म्हणजेच चैती. राजस्थानात पुष्करला, उत्तर प्रदेशात अलीगढ-कनौजकडे अत्तर आणि गुलाबजलासाठी लावतात तो. तो मार्च-एप्रिलमध्ये एकदा फुलतो आणि मग वर्षभर नुसता पाला. पानं राखाडी झाक असलेली, खालून मऊ लव. फांदीवर काटे सरमिसळ, काही जाड वाकडे, त्यांच्यामध्ये सरळ बारीक कुसं. कळी झाकणाऱ्या हिरव्या पाकळ्यांना, म्हणजे निदलांना, बाजूनं पिसासारखे फाटे, आणि कळीचा देठ बोटाला चिकट लागतो. लखनौच्या सीमॅप संस्थेचा 'नूरजहाँ', पालमपूरच्या संस्थेचे 'ज्वाला' आणि 'हिमरोज' हे या कुळातले. याला थंडी हवी असते. आपल्याकडे कुणी 'दमास्क' म्हणून रोप दिलं आणि ते बारा महिने फुलत राहिलं, तर ते उत्तरेकडचं चैती नव्हे एवढं बेलाशक समजा. बहुतेक वेळा तो बुर्बाँ निघतो.

तिसरा 'ग्रुस आन टेप्लिट्झ'. हे नाव कुणाच्या तोंडी बसत नाही, म्हणून तोही 'देशी लाल' होऊन बसला आहे. रुडॉल्फ गेश्विंड नावाच्या वनाधिकाऱ्यानं तो केला, १८९७ मध्ये तो बाजारात आला. सुटी फुलं आणि गुलकंद यासाठी भारतात तो खूप लावला गेला. गंमत म्हणजे तज्ज्ञांनीही त्याला कधी बुर्बाँमध्ये, कधी चायनामध्ये, तर कधी हायब्रिड टी या आधुनिक गुलाबांच्या कुळात घातलं आहे, तेव्हा आपला गोंधळ झाला तर नवल नाही.

चौथा 'ओल्ड ब्लश', चीनचा जुना बारमासी. फिकट गुलाबी, झुपक्यानं येणारा, काटे विरळ, पानं गुळगुळीत आणि टोकदार. युरोपात तो अठराव्या शतकात गेला आणि वारंवार फुलण्याचा गुण बऱ्याच अंशी त्याच्यासारख्या चायना गुलाबांनीच तिकडच्या गुलाबांना दिला.

या चौघांना वेगळं करताना रंगावर भिस्त ठेवू नका. मराठवाड्यात तर नाहीच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याच झाडाचं फूल निम्मं आणि फिकं येतं. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात आणि पानाच्या रंगाची खूणही कामातून जाते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात गडद लाल आणि गडद गुलाबी हमखास एकच दिसतात. ऑक्टोबरात छाटणी केली की चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी बहर येतो. ओळख पटवायची ती त्या बहरावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, सकाळी ऊन चढायच्या आत. चैतीची मात्र त्याच्या मार्च-एप्रिलच्या बहरावर.

रंगाची एकच गोष्ट उपयोगाची आहे, ती म्हणजे तो कोणत्या दिशेनं बदलतो. नुकत्या उमललेल्या फुलाच्या देठाला दोरा बांधा आणि ते गळेपर्यंत रोज बघा. दमास्कसारख्या जुन्या गुलाबांचं फूल उन्हात फिकं होत जातं. चायना गुलाबाचं फूल उन्हात गडद होत जातं. 'ओल्ड ब्लश'च्या झुपक्यात आजचं फूल फिकट आणि परवाचं गडद असं एकाच वेळी दिसतं.

अंबाजोगाईच्या विहिरीवरचे दोन एडवर्ड

अंबाजोगाईच्या एका जुन्या वाड्यात विहिरीच्या दोन बाजूंना दोन झाडं आहेत. दोघांचंही नाव एडवर्ड.

"आजी, दोन्ही एडवर्डच का?"

"दोन्ही बी एडवर्डच हायेत. माझ्या सासूबाईनं लावलेत. कशाला इचारायलास?"

गाठ दोन्हींना नाही. उपपर्णाची कड दोन्हींची सरळ. दोन्हींना वास, दोन्ही वर्षातून अनेकदा फुलणारे. इथवर दोघं भाऊच वाटतात. मग डावीकडच्या झाडाची उमललेली फुलं बघितली, ती वर तोंड करून होती, देठ जाड. उजवीकडच्या झाडाचं एकूण एक फूल मान टाकून खाली बघत होतं, देठ बारीक. पाणी कमी पडल्यानं मान टाकली असेल म्हणावं, तर तळाशी ओल होती आणि कळ्याही वाकलेल्या. नवी फूट डावीकडं हिरवी, कडेला किंचित तांबूस, तर उजवीकडं अख्खी जांभळट लाल, पानं मोठी झाली तरी तो रंग काही दिवस टिकून. रंग डावीकडं गडद गुलाबी, उजवीकडं गर्द किरमिजी. आणि वास? डावीकडचा गोड, गुलाबजलासारखा. उजवीकडच्याला मसाल्याची तिखट झाक. बारीक देठ, झुकलेली मान, जांभळट पालवी आणि तिखट वास या चार खुणा एकत्र आल्या की 'ग्रुस आन टेप्लिट्झ' म्हणायला हरकत नाही. डावीकडचा बुर्बाँ कुळातला, म्हणजे त्याला एडवर्ड म्हणणं रास्त.

पण सगळ्यात मोलाची माहिती आजींकडून आली, ती नाव विचारून नव्हे. गुलकंदाला कोणता घेता, एवढंच विचारलं. "त्यो तिकडचा. त्याला रंग चांगला येतो. ह्यो देवाला." दोन झाडं वेगळी आहेत हे घराला पहिल्यापासून ठाऊक होतं. नाव एक असलं तरी खुडणारा हात वेगळा जात होता. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना नाव विचारण्याआधी हे विचारा: कशासाठी खुडता, चैत्रात फुलतो का, श्रावणात फुलतो का, काडी लगेच लागते का, कुणाकडून आणला. या उत्तरांनी अर्धं काम होतं.

सनावळी लावून बघा

घरातलं नाव आणि झाडाचं वय एकमेकांशी जुळतं का हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि निम्मी नावं तिथंच गळतात. 'हे झाड निजामाच्या काळातलं, पोलीस ॲक्शनच्या आधीचं' असं सांगतात आणि नाव 'सुपरस्टार' सांगतात. पोलीस ॲक्शन १९४८ ची, सुपरस्टार जर्मनीच्या टांटाऊ या गुलाब-पैदासकारांचा, १९६० चा. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. एक तर नाव चुकीचं, नाही तर जुनं झाड गेलं आणि त्याच जागी नवं लागलं. 'क्वीन एलिझाबेथ' १९५४ चा, तोही त्याआधीचा असू शकत नाही.

याउलट 'पॉल नेरॉन' १८६९ चा, 'मार्शल नील' १८६४ चा, 'सुव्हेनिर द ला मालमेझाँ' १८४३ चा. ही नावं जुन्या बागेत शक्य आहेत. तिथं मग नावसाधर्म्याची अडचण येते. 'सुव्हेनिर', 'ग्लुआर', 'जनरल', 'मादाम' यांनी सुरू होणारी जुनी फ्रेंच नावं ढिगानं आहेत, आणि पाटीवरचा मागचा अर्धा भाग पुसला गेला की उरतो नुसता 'जनरल'. अशा वेळी नावाचा उरलेला तुकडा नव्हे, झाडाची घडण बघा. 'मार्शल नील' पिवळा आणि वेलासारखा चढणारा आहे. त्या नावानं कुणी लाल झुडूप दाखवलं तर पुढं बघायचीही गरज नाही, तो 'जनरल जॅकमिनो' या जुन्या लाल गुलाबाच्या गोतावळ्यातला असेल. 'पॉल नेरॉन' म्हणजे मोठं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं गुलाबी फूल. 'पॉल्स स्कार्लेट क्लाइंबर' हा १९१६ चा लाल वेल, दोघांत 'पॉल' सोडून काहीच सारखं नाही.

निदलंही दगा देत नाहीत. परदेशात 'ब्लूमफील्ड अबंडन्स' म्हणून वर्षानुवर्षं विकला गेलेला गुलाब खरं म्हणजे 'स्प्रे सेसिल ब्रुनर' होता. फुलं लहान, गुलाबी, दोघांची सारखीच वाटावीत अशी. उलगडा करायला जी खूण कामी आली ती कळीच्या पुढं निघालेल्या लांब, पानासारख्या निदलांची. म्हणून फोटो काढताना फक्त उमललेल्या फुलाचा काढू नका. कळी बाजूनं, फूल मागून, पूर्ण पान उपपर्णासकट, जुन्या आणि नव्या फांदीवरचे काटे, फळ धरलं असेल तर फळ, आणि पूर्ण झाड. मोबाइलमधली झाडं ओळखणारी ॲपं गुलाब आहे एवढं सांगतात, जातीवर त्यांचा शब्द धरू नका.

एक गुलाब, अनेक नावं

हे पटकन सांगतो, कारण इथं उत्तर तयार आहे. 'सुपरस्टार' आणि 'ट्रॉपिकाना' एकच. 'पीस', 'मादाम ए. मेयाँ', 'ग्लोरिया डेई' आणि 'जॉया' एकच. 'आइसबर्ग' आणि 'श्नीविटशेन' एकच. देश बदलला की विक्रीचं नाव बदलतं. गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद १९५५ पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे, त्यामुळे त्यानंतरच्या जातींची उपनावं बहुतेक सापडतात. 'काश्मिरी', 'इंग्लिश', 'बटन', 'शिर्डी' ही बाजारातली नावं आहेत, जातीची नाहीत. ती ऐकून रोप घेऊ नका, फुलावर असलेलं रोप बघून घ्या.

तरीही जुळलं नाही तर

नाव सापडत नाही म्हणून जवळचं एखादं नाव चिकटवून टाकणं हे सगळ्यात मोठं नुकसान. ते नाव काडीबरोबर दहा घरी जातं. त्यापेक्षा बर्म्युडातल्या गुलाबप्रेमींनी केलं तसं करा. तिथं ओळख न पटलेल्या जुन्या गुलाबांना ते सापडलेल्या ठिकाणाचं नाव देतात. 'स्मिथ्स पॅरिश' हे तसंच एक, आज ते जगभर चालतं. तुम्हीही 'अंबाजोगाई विहीर उजवा', 'पैठण घाट गुलाबी' असं लिहा. पाटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करा आणि टोकदार खिळ्यानं कोरून लिहा. शाई आपल्या उन्हात एक उन्हाळा टिकत नाही. पाटी झाडाला सैल तारेनं बांधा, कुंडीला नको, कुंड्या बदलतात. आणि वहीत बागेचा नकाशा काढून ठेवा.

दोन झाडं एकच आहेत की वेगळी याचा शेवटचा निकाल मात्र शेजारी लावूनच लागतो. वेगवेगळ्या अंगणांतली झाडं नुसती बघून निकाल देऊ नका. एक बोअरच्या खाऱ्या पाण्यावर, दुसरं नळाच्या, एकाला दिवसभर ऊन, दुसऱ्यावर कडुनिंबाची सावली, असं असताना एकच जात दोन वाटते. ऑक्टोबरच्या छाटणीत दोन्हींच्या पेन्सिलएवढ्या जाड, पिकलेल्या काड्या घ्या. प्रत्येक काडीला झाडावर असतानाच नाव बांधा, कापल्यावर नको, कारण कापलेल्या काड्या सगळ्या सारख्याच दिसतात. एकाच मातीत, एकाच वाफ्यात लावा, आणि लागल्यावर शेजारी-शेजारी हलवा. पहिली फुलं लवकर येतील, ती खुडून टाका, रोप लहान असताना फूल खरं रूप दाखवत नाही. पुढच्या वर्षीच्या थंडीतल्या बहरात दोन्हींची कळी, पालवी, देठ, काटे आणि वास एकाच सकाळी ताडून बघा. एकाच्या खुणा दुसऱ्याशी जुळल्या तर दोन्ही पाट्यांवर एक नाव घाला. नाही जुळल्या तर ज्याची ओळख पटली नाही त्याचं ठिकाणाचं नाव तसंच राहू द्या आणि काडी देताना तेच नाव द्या.